वावरातून गेलेलं वावरात परत कसं आणायचं: नव्यानं शेती हातात घेणाऱ्यांसाठी

नोकरी सोडून गावी आलेले, लग्न होऊन शेतकऱ्याच्या घरात आलेल्या, नाहीतर वडलांच्या मागं एकदम सातबाऱ्यावर नाव चढलेले, अशा सगळ्यांना पहिल्या वर्षी गावात एकच सल्ला मिळतो, एकरी डीएपीची एक बॅग टाक अन् युरियाच्या दोन. का टाकायच्या, ते जातं कुठं, पुढच्या वर्षी परत तेवढंच का लागतं, हे कोणी सांगत नाही. मी पण लग्नानंतरच वावरात उतरले, घरची जमीन यवतमाळ जिल्ह्यात, काळी अन् थोडी बरड (हलकी, मुरमाड), कोरडवाहू जास्त. मामाजींनी जे शिकवलं, केव्हीकेवाल्यांनी (कृषी विज्ञान केंद्राच्या लोकांनी) जे सांगितलं अन् जे करता करता कळलं, पिकासोबत जमिनीतून गेलेलं खाणं परत कसं आणायचं, ते एका जागी लिहून ठेवते, म्हणजे तुम्हाला दहा जणांना विचारत फिरावं लागणार नाही.

सुरुवात करण्याआधी एवढं डोक्यात घ्या

झाड जे खातं ते तीन ठिकाणून येतं. हवेतून, पाण्यातून अन् मातीतून. लाकूड, पान, कापूस, यातला बहुतेक भाग कार्बन, हायड्रोजन अन् ऑक्सिजन, म्हणजे हवा अन् पाणी. मातीतून येतं ते वजनाला थोडं, नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), गंधक, जस्त, लोह वगैरे, पण ते संपलं की सगळं अडतं.

आता यातला नत्र हवेत ७८ टक्के आहे, पण झाडाला तो तसा घेताच येत नाही. एक तर मातीतले काही जीवाणू तो पकडून देतात, थोडासा विजा चमकल्यावर पावसासोबत उतरतो, नाहीतर कारखान्यात युरिया करावा लागतो. स्फुरदाचं वेगळं, तो हवेत नसतोच, दगडातून येतो, अन् एकदा वावराबाहेर गेला की आपोआप परत येत नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढं खूप कामी पडतो.

अन् या सगळ्याची उलाढाल करणारे म्हणजे मातीतले सूक्ष्मजीव. चांगल्या मातीच्या एका चमच्यात शंभर कोटींच्या घरात जीवाणू असू शकतात, वरून बुरशी वेगळ्या. शेणात, पाल्यात जे नत्र-स्फुरद अडकलेलं असतं ते झाडाची मुळी थेट ओढू शकत नाही, आधी हे जीव ते खातात, कुजवतात, अन् त्यांचं खाऊन उरलेलं अन् ते मेल्यावर सुटलेलं मग मुळीला मिळतं. म्हणजे शेणखत टाकलं की ते पिकासाठी टाकलं असं आपण म्हणतो, खरं तर आधी या जीवांसाठी टाकलेलं असतं.

काय काय लागेल

- सातबारा, आधार कार्ड, मोबाईल नंबर, गट नंबर (माती तपासणीला)
- प्लास्टिकची बकेट, खुरपं नाहीतर कुदळ, स्वच्छ कापडी पिशवी
- एक वही
- मांजरपाटाचे दोन-तीन तुकडे, वितभर लांबीचे, नवे कोरे
- जीवाणू कल्चरची पाकिटं (पेरणीच्या तोंडावर घ्यायची, आधी नाही)
- शेणखत, कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा), पालापाचोळा, जो घरचा असेल तो

१. वावरातून काय बाहेर जातं ते आधी लिहा

हे कोणी करत नाही अन् हेच सगळ्यात आधी करायला पाहिजे. वहीत दोन रकाने पाडा, गेलं अन् आलं.

सोयाबीन घ्या. दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं, त्या हिशोबानं एका क्विंटलमध्ये सहा किलोच्या वर नत्र बाजारात जातं. एकरी आठ क्विंटल झालं तर पन्नास किलोच्या घरात. यातलं ढोबळमानानं अर्धं मुळांवरच्या गाठींतल्या जीवाणूंनी हवेतून घेतलेलं असतं, बाकीचं मातीतून. म्हणून "सोयाबीननं जमीन सुपीक होते, मागून काही टाकायची गरज नाही" हे जे पारावर ऐकायला मिळतं ते अर्धवट खरं आहे. पाला गळून पडतो तेवढा फायदा होतो, पण दाणा विकला अन् कुटारही विकलं तर जमिनीच्या हाती फार काही उरत नाही.

कापसाचं मात्र मजेशीर आहे. रुई म्हणजे जवळपास निव्वळ सेल्युलोज, हवा-पाण्यातून बनलेली, तिच्यासोबत मातीतलं काही जातच नाही म्हटलं तरी चालेल. जातं ते सरकीतून. सरकीचं तेल निघतं, अन् तेलातही नत्र-स्फुरद नसतं, ते सगळं ढेपीत राहतं. ती ढेप आपणच कृषी सेवा केंद्राच्या शेजारच्या दुकानातून आणून म्हशीला घालतो. म्हणजे ढेपीचं पोतं आणलं तर दुधासोबत खतही घरात आलं, फक्त ते शेण गोवऱ्यात जाळलं तर नत्र चुलीतून धुरावाटे गेलं. आमच्याकडं गॅस आला तरी गोवऱ्या थापणं थांबलं नव्हतं, सवयच होती, तो विषय घरात हळूहळू काढावा लागतो, एकदम काढला तर आत्याबाई चिडतात.

गहू, ज्वारी, धान यांच्यात पालाश बहुतेक काडीत-कडब्यात असतो. दाणा विकला तरी चालेल पण कडबा गावाबाहेर चालला असेल तर रकान्यात लिहा.

२. माती तपासा, पण नमुना नीट काढा

पीक निघाल्यावर, उन्हाळ्यात, खत टाकायच्या आधी काढायचा. अक्षय तृतीयेच्या आसपास वेळ असतो सगळ्यांना, तेव्हा काढून टाका, मिरग जवळ आला की लॅबमध्ये गर्दी होते अन् रिपोर्ट पेरणी झाल्यावर हातात पडतो.

वावरात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं निवडा. प्रत्येक ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला सारून इंग्रजी व्ही सारखा खड्डा घ्या, २० सेंटिमीटर खोल, म्हणजे साधारण वीतभर. खड्ड्याच्या एका कडेची वरपासून खालपर्यंत बोटभर जाडीची माती खरवडून बकेटीत घ्या. सगळी एकत्र कालवा, स्वच्छ कापडावर गोल पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन फेकून द्या, उरलेलं परत कालवा, असं करत करत अर्धा किलो उरू द्या. सावलीत वाळवा. संत्र्याच्या बगिच्याचं वेगळं आहे, तिथं खोलवर थराथरानं नमुने लागतात, ते केव्हीकेत विचारून घ्या.

हे करू नका:
- धुऱ्यावरून (बांधावरून), झाडाखालून, विहिरीजवळून, उकिरड्याच्या जागेवरून माती घेऊ नका
- युरियाच्या नाहीतर डीएपीच्या रिकाम्या पोत्यात माती भरू नका, हे सगळ्यात जास्त होतं, अन् मग रिपोर्टात नत्र-स्फुरद भरभरून दिसते
- गंजलेलं लोखंडी अवजार वापरू नका, लोह-जस्त तपासायचं असतं त्यात
- बरड अन् काळी माती एका पिशवीत मिसळू नका, दोन वेगवेगळे नमुने द्या

मृदा आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ पासून आहे, तिच्यात १२ गोष्टी तपासतात. त्यातल्या दोन आधी बघा. पहिला सामू (pH), म्हणजे माती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा. आपल्या बेसाल्टच्या काळ्या जमिनीत तो बहुतेक ७.५ ते ८.५ च्या मध्ये असतो, चुनखडीही असते. दुसरा सेंद्रिय कार्बन. ०.५ च्या खाली म्हणजे कमी, ०.७५ च्या वर म्हणजे चांगला. विदर्भात कोरडवाहू वावरात ०.५ च्या खालचा आकडा बघून घाबरू नका, शेजाऱ्याचाही तसाच असेल. हाच कार्बन सूक्ष्मजीवांचं खाणं आहे, तो कमी म्हणजे त्यांची संख्याही कमी.

अन् एक मोठा सापळा. पत्रिकेवर खताची मात्रा बहुतेक हेक्टरी लिहिलेली असते. आपण बोलतो एकरात. अडीचनं भागायचं विसरलं तर अडीचपट खत पडेल. आकडे किलो नत्राचे असतात, किलो युरियाचे नाही, हेही. युरियाची बॅग ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे एका बॅगेत २०.७ किलो. डीएपीच्या ५० किलोत ९ किलो नत्र अन् २३ किलो स्फुरद.

३. मांजरपाट पुरून बघा

लॅबमध्ये रसायन कळतं, जीव किती कामाला लागलेत ते कळत नाही. त्यासाठी फुकटातली तपासणी आहे, अन् कापसाच्या मुलखात तर ती शोभूनच दिसते. पाऊस लागून ओल धरली की मांजरपाटाचा एक तुकडा वावराच्या मध्यात वीतभर खोल पुरा, एक धुऱ्यावरच्या जुन्या बाभळीखाली नाहीतर निंबाखाली पुरा. कापड शंभर टक्के सुती पाहिजे, टेरीकॉट चालत नाही, ते कुजतच नाही. जागेवर काडी रोवून ठेवा, डवरणी (ओळींमधली कोळपणी) करणाऱ्याला सांगून ठेवा नाहीतर ते वर येतं. दोनेक महिन्यांनी काढा.

धुऱ्यावरच्या झाडाखालचा तुकडा हातात धरला तर चाळणी झालेला असतो, कडेची शिलाईच काय ती शिल्लक, मध्ये काळे-गुलाबी डाग, बुरशीचे पांढरे दोरे चिकटलेले. वावरातला तुकडा धुतला तर परत वापरता येईल असा निघाला, तर समजा तिथं कुजवणारे जीव उपाशी आहेत. सेल्युलोज खायला त्यांना नत्र लागतं, ओल लागते, हवा लागते, यातलं काहीतरी कमी आहे. पाणी साचणाऱ्या खोलगट भागात तर हवेचीच अडचण असते.

४. कुटार, पऱ्हाट्या, पालापाचोळा: जाळायचं नाही, पण नुसतं गाडायचंही नाही

हा भाग थोडा लांब आहे, कारण नवीन माणूस सगळ्यात जास्त इथंच अडकतो.

जाळलं तर काय होतं? कार्बन अन् जवळपास सगळं नत्र, बराचसा गंधक हवेत जातो. स्फुरद अन् पालाश राखेत राहतो, तो पण पहिल्या वादळात उडतो नाहीतर धुऱ्याच्या नाल्यात वाहून जातो. म्हणून जाळू नका, हे आता सगळेच सांगतात. पण त्याच्या पुढचं कोणी सांगत नाही.

कुजवणाऱ्या जीवाणूंच्या स्वतःच्या अंगात कार्बन अन् नत्राचं प्रमाण साधारण आठास एक असतं. ते जे खातात त्यातला बराच कार्बन श्वासात उडून जातो, म्हणून खाण्यात पंचवीस-तीसला एक असं प्रमाण असलं की त्यांचं बरोबर भागतं. शेणात ते वीसच्या आसपास असतं. पऱ्हाटीत (कपाशीच्या वाळलेल्या झाडात) पन्नासच्या वर, गव्हाच्या काडात ऐंशीच्या घरात. अशी काडी पेरणीच्या तोंडावर रोटाव्हेटरनं मातीत कालवली तर जीवाणू तिच्यावर तुटून पडतात अन् कमी पडलेलं नत्र मातीतून ओढतात, म्हणजे पिकाच्या तोंडचं. ते नत्र कुठं गेलेलं नसतं, जीवाणूंच्या अंगात असतं, महिना-दीड महिन्यानं परत सुटतं, पण तोवर पीक पिवळं. आमच्या गावात एका काकांनी असंच सोयाबीनचं सगळं कुटार गाडून लगेच गहू पेरला अन् मग भेटेल त्याला विचारत होते, "आता युरिया बी टाकला, तरी गहू पिवळा काऊन पडून राहिला बाप्पा?" पुढं आपोआप हिरवा झाला तो, पण फुटवे कमी राहिले.

मग करायचं काय? दोन रस्ते आहेत.

एक, वेळ द्या. कापूस निघाला की जानेवारीत श्रेडरनं पऱ्हाट्यांचा भुगा करून जमिनीवर पसरा नाहीतर वरच्यावर मिसळा, जूनपर्यंत बऱ्यापैकी मऊ पडतं. पाण्याची सोय असेल अन् थोडं शेण-पाणी शिंपडलं तर जास्तच.

दुसरा, खत बनवून टाका. अन् यासाठी आपल्या जिल्ह्याचीच पद्धत आहे, नाडेप. पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून नाडेप, लोक त्यांना नाडेप काकाच म्हणत. थोड्या शेणात भरपूर खत हा त्यांचा मुद्दा होता, अन् जनावरं कमी होत चालल्यावर तर तो आणखीनच पटतो.

टाकं विटांचं, १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, नऊ इंची भिंत, मधून मधून विटेएवढी भोकं सोडलेली, हवा खेळायला. भोकं बुजवायची नाहीत, काही जण मांजर घुसते म्हणून बुजवतात, मग आत आंबूस वास सुटतो. भरायला लागतं साधारण चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, सतराशे-साडेसतराशे किलो वाळलेली चाळलेली माती अन् दीड-दोन हजार लिटर पाणी. आधी आतून शेणपाण्याचा सडा. मग सहा इंच कचरा. त्यावर चार किलो शेण सव्वाशे-दीडशे लिटर पाण्यात कालवून सगळीकडं शिंपडायचं, त्यावर पन्नास-साठ किलो माती पसरायची, परत पाणी. असे दहा-बारा थर, वर दीड फूट झोपडीसारखं चढवायचं अन् शेणमातीनं तीन इंच लिंपून टाकायचं. पंधरा-वीस दिवसांत आतलं आठ-नऊ इंच दबतं, लिंपण फोडून परत त्याच पद्धतीनं भरायचं, परत लिंपायचं. तडे पडले की शेणपाण्यानं बुजवायचे. तीन-चार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत निघतं.

एका दिवसात, फारतर दोन दिवसात टाकं भरून झालं पाहिजे, म्हणून आधी सगळं सामान जवळ आणून ठेवा अन् मग माणसं बोलवा. पऱ्हाट्या सबंध टाकू नका, बोटभर तुकडे करा. पाण्याचा हिशोब खरोखर करा, एप्रिलमध्ये विहीर तळाला गेल्यावर दोन हजार लिटर आणायला जीव जातो, म्हणून दिवाळीनंतर सोयाबीनच्या कुटाराचं टाकं भरणं मला जास्त सोयीचं वाटतं.

तयार झालेलं कसं ओळखायचं? काडी ओळखू येत नाही, हात घातला तर गरम लागत नाही, अन् पहिल्या पावसाला येतो तसा वास येतो. तो वास जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, अ‍ॅक्टिनोमायसीट गटातले जीवाणू तो तयार करतात. शेणाचा नाहीतर अमोनियाचा झणका येत असेल तर थांबा.

बोंडअळीचा सापळा: पऱ्हाट्यांच्या गंज्या धुऱ्यावर, घरामागं जळणासाठी रचून पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. न फुटलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्त पडून राहते अन् पुढच्या हंगामात तिथूनच निघते. एक तर भुगा करा नाहीतर टाक्यात घाला, पण उभी गंजी नको.

५. शेणखत

पाच टन चांगलं शेणखत म्हणजे नत्राच्या हिशोबानं पंचवीसेक किलो, कारण त्यात नत्र अर्धा टक्काच असतं, अन् पहिल्या वर्षी पिकाला त्यातलं एखादा हिस्साच मिळतो. म्हणून शेणखत टाकलं की युरिया बंद, असं पहिल्याच वर्षी करू नका.

गोठ्यात कुटार नाहीतर कोरडी माती अंथरा. जनावराच्या नत्रातलं जवळपास अर्धं मुतात असतं, ते नालीनं वाहून गेलं तर उकिरड्यावर उरलेलं शेण कितीही दिसलं तरी अर्धंच.

मे महिन्यात बंडीनं नाहीतर ट्रॅक्टरनं वावरात खताचे ढीग टाकून ठेवायचे अन् पाऊस आल्यावर पसरायचे, हे तुम्हाला रस्त्यानं जाताना जिथं तिथं दिसेल. उन्हात त्यातला अमोनिया उडून जातो. ज्या दिवशी पसराल त्याच दिवशी वखरपाळी द्या. अन् कच्चं शेण टाकू नका, हुमणीची अळी त्यावर पोसते, वाळवीही येते, शिवाय गवताचं बी फुकट पेरलं जातं.

६. बियाण्याला कल्चर लावणं

सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या मुळांवर ज्या गाठी येतात त्यात रायझोबियम गटातले जीवाणू राहतात. झाड त्यांना साखर देतं, ते झाडाला हवेतलं नत्र बांधून देतात. १८८६ ते १८८८ मध्ये हे जर्मनीत हेलरिगेल अन् विलफार्थ यांनी दाखवून दिलं, अन् हॉलंडच्या बायेरिंकनं १८८८ मध्ये गाठीतला जीवाणू वेगळा काढला. प्रत्येक पिकाचा जीवाणू वेगळा, सोयाबीनचं पाकीट हरभऱ्याला लावून उपयोग नाही. दुकानदार "सगळं एकच असते ताई" म्हणाला तरी पाकिटावर पिकाचं नाव वाचा.

१० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट. सोयाबीन एकरी तीस किलो धरलं तर तीन पाकिटं. द्रवरूप असेल तर लेबलवर लिहिल्याप्रमाणं. कपाशीला, ज्वारीला अ‍ॅझोटोबॅक्टर (गाठीशिवाय, मातीत मोकळं राहून नत्र पकडणारा जीवाणू), अन् सगळ्यांनाच स्फुरद विरघळवणारे जीवाणू, ज्याला पीएसबी म्हणतात, ते लावता येतात.

क्रम चुकवायचा नाही. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सगळ्यात शेवटी जीवाणू. गुळाचं थोडं पाणी करून थंड होऊ द्या, गरम पाण्यात कल्चर टाकलं तर जीवाणू तिथंच मेले. सोयाबीनचं बी हातानं जोरात चोळू नका, साल लय नाजूक असते, निघाली की उगवण गेली. ताडपत्रीवर अलगद वरखाली करा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. पाकीट मोटरसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवू नका.

७. गाठ फोडून बघा

पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी चार-पाच झाडं ओल्या मातीत खुरप्यानं मुळासकट उचला, उपटू नका, उपटलं की गाठी मातीत राहतात. मुळं पाण्यात हलकेच धुवा. गाठी नखानं कापा. आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे, तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीतला. पांढरी असेल तर अजून तयार व्हायची आहे किंवा निकामी, हिरवट-तपकिरी म्हणजे म्हातारी झाली.

गाठी दिसत असताना सोयाबीनला वरून युरिया फेकू नका. मातीत तयार नत्र भरपूर मिळालं की झाड गाठींना साखर देणं कमी करतं. पैसे देऊन फुकटचं बंद करण्यासारखं आहे हे.

८. युरिया कधी अन् कसा

युरिया मातीत पडला की युरीएज नावाचं एन्झाइम त्याचा अमोनियम करतं, मग नायट्रोसोमोनास वगैरे जीवाणू त्याचं नायट्राइट अन् पुढचे त्याचं नायट्रेट करतात. पळवाटा तीन आहेत. सामू आठच्या घरात असलेल्या जमिनीवर नुसता वरून फेकला अन् पाऊस आला नाही, तर अमोनिया होऊन उडतो. पाणी साचलं तर हवा नसलेल्या मातीत दुसरेच जीवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात अन् नत्र वायू होऊन जातं, काळ्या जमिनीत सततच्या पावसात कापूस पिवळा पडतो त्याचं हेही एक कारण. तिसरी, नायट्रेट पाण्यासोबत खाली उतरतं. विदर्भात कितीतरी विहिरींच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडलेलं आहे, अन् लहान लेकरांना ते बाधतं, म्हणून घरच्या विहिरीचं पाणीही एकदा तपासून घ्या.

म्हणून दोन-तीन हप्त्यांत द्या, ओलीवर द्या, अन् लगेच डवरणी करून मातीआड करा. पाणी साचलेलं असताना देऊ नका, आधी चर काढा.

पहिल्या पावसानंतर काही दिवस मातीत आपोआपच नत्र सुटतं. कोरड्या मातीत मेलेले जीव अन् सुकलेला सेंद्रिय भाग ओल मिळताच झपाट्यानं कुजतो, बर्च नावाच्या शास्त्रज्ञानं १९५८ मध्ये यावर लिहिलं. मिरगात धुरे एकदम हिरवेगार होतात ते त्यामुळंही. त्या दिवसांत मोठा हप्ता टाकण्यात अर्थ नाही.

९. स्फुरदाचं थोडक्यात

चुनखडीच्या जमिनीत टाकलेलं स्फुरद कॅल्शियमसोबत बांधलं जातं. पहिल्या वर्षी पिकाला त्यातलं १५-२० टक्केच मिळतं असं धरतात. म्हणजे वर्षानुवर्षं डीएपी टाकलेल्या वावरात स्फुरद पडून आहे, फक्त बंद आहे. ते पीएसबी आपल्या आम्लांनी थोडंथोडं सोडवतात, अन् मायकोरायझा नावाची बुरशी मुळीच्या पुढं बारीक धागे पसरून लांबून ओढून आणते. हे धागे वारंवार रोटाव्हेटर फिरवला की तुटतात, म्हणून एका हंगामात तीन-तीन वेळा मारायची हौस करू नका. रिपोर्टात गंधक कमी असेल तर सोयाबीनला डीएपीऐवजी सिंगल सुपर फॉस्फेट बघा, त्यात १६ टक्के स्फुरदासोबत ११ टक्के गंधकही येतो.

तलावाचा गाळ मिळत असेल तर बरड जमिनीवर टाका, वरच्या वावरांतून वाहून गेलेलंच ते, २०१७ पासून गाळयुक्त शिवारची योजना आहे, ग्रामपंचायतीत विचारा. भारी काळ्या जमिनीवर टाकायची गरज नाही, तिथं निचराच आणखी बिघडेल.

१०. धुऱ्यावर गिरीपुष्प, वावरावर आच्छादन

मेमध्ये आपल्याकडं पारा ४५ च्या पार जातो अन् उघडी काळी माती तर त्याहून तापते, वरच्या थरातले जीव एक तर मरतात नाहीतर सुप्त पडतात. काहीतरी पांघरूण ठेवा, भुगा, कुटार, काहीही. धुऱ्यावर गिरीपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) फांद्या लावा, जनावरं सहसा तोंड लावत नाहीत, पाला कोवळा अन् नत्रानं भरलेला, कपाशीच्या ओळींत छाटून टाकला की काही आठवड्यांत विरघळून जातो. पऱ्हाटीच्या भुग्यात मिसळला तर वर सांगितलेलं कार्बन-नत्राचं प्रमाणही जुळतं.

११. जीवामृत अन् बाटल्या

जीवामृताबद्दल सगळे विचारतात. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, धुऱ्याची मूठभर माती. मी करते, घरचं आहे, खर्च कमी. पण आकडा मांडून बघा, त्या सगळ्या पिंपात नत्र पाव किलोच्या आसपास भरतं, अन् युरियाच्या बॅगेत वीस किलो. म्हणजे ते खत नाही, जीवांना चालना देणारं पाणी आहे, खाली सेंद्रिय पदार्थ असेल तरच त्यांना काम. उघड्या, कार्बन नसलेल्या वावरात नुसतं जीवामृत ओतून एकदम खत बंद करणाऱ्यांचं उत्पन्न पडतं, अन् मग ते सगळ्याच सेंद्रियला शिव्या देतात.

विकतच्या बाटल्यांचं मात्र सांभाळून. पेरणीच्या दिवसांत गावात गाडी घेऊन लोक येतात, "बॅक्टेरिया आहे, डीएपी बंद होईल" म्हणून. जैविक खतं २००६ पासून खत नियंत्रण आदेशाखाली आहेत. लेबलवर जीवाणूचं नाव, पिकाचं नाव, तयार केल्याची अन् संपण्याची तारीख, बॅच नंबर अन् जिवंत जीवाणूंची संख्या पाहिजे, पावडरमध्ये ग्रॅमला ५ कोटी, द्रवात मिलीला १० कोटी, हा नियम आहे. यातलं काही नसेल तर घेऊ नका. घेतलं तर बॅच नंबर लिहिलेलं पक्कं बिल मागा अन् रिकामं पाकीट पीक निघेपर्यंत ठेवा, उद्या उगवण बिघडली अन् तालुका कृषी अधिकाऱ्याकडं तक्रार करायची वेळ आली तर पहिलं तेच मागतात.